एकच मोठी साइट की चार छोट्या? (तीन डोमेन घेऊन बसलोय, आता बोला)

टेकडीवरचा
मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी धागा काढतोच. २०१६ पासून माझी एक मराठी साइट आहे, वर्डप्रेसवर. सुरू केली तेव्हा फक्त ट्रेकची होती, राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड वगैरे, मग लग्न झालं, गुडघा कुरकुरायला लागला, ट्रेक कमी झाले पण लिहायची खाज काही जाईना म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यांवर लिहायला लागलो. मग ताईने (सख्खी बहीण, सदाशिव पेठेत असते) फराळाच्या रेसिपी द्यायला सुरुवात केली. लॉकडाउनमध्ये तर काय वाट्टेल ते टाकलं, जुन्या मिक्सरचं काय करावं इथपासून ते मिळकतकराचा पीटी-३ फॉर्म कसा भरायचा इथपर्यंत (तो नंतर, २०२३ मध्ये). आज मोजले तर ३४० लेख भरले. ट्रेक १४० च्या आसपास, बाग ९०, खाणं ७०, बाकी सटरफटर.

मागच्या आठवड्यात ऑफिसातला डिजिटल मार्केटिंगवाला मित्र कॅन्टीनमध्ये म्हणाला, तुझी साइट म्हणजे नुसती भेळ आहे, गूगलला कळतच नाही तू नक्की कशातला आहेस, चार वेगळ्या साइट कर, एकेका विषयाची, बघ कशा पळतात. घरी आलो आणि रात्री एक वाजता तीन डोमेन घेऊन टाकले. सकाळी बँकेचा मेसेज बायकोने बघितला, तो विषय वेगळा.

तर प्रश्न असा की खरंच फोडावी का? ॲडसेन्स (गूगलच्या जाहिरातींचे पैसे) येतं थोडंफार, त्यावर घर चालत नाही पण होस्टिंग निघतं आणि वर वर्षाला एखादा बरा बूट येतो.

अर्धवट_इंजिनियर
मंगळवार, रात्री ११:५८

आधी डोमेन आणि मग प्रश्न? तुम्ही पुण्याचे नक्की नाही, पुणेकर आधी चार दिवस चौकशी करतो आणि मग घेत नाही. हलकं घ्या.

फोडाच असं मत. ऑगस्ट २०२२ ला गूगलने हेल्पफुल कंटेंट अपडेट आणला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की हा सिग्नल अख्ख्या साइटला लागतो. म्हणजे साइटवर फालतू माल जास्त असेल तर चांगल्या लेखालाही त्याचा फटका. तुमचा जुना मिक्सर तुमच्या राजगडाला खाली ओढतोय, एवढं साधं आहे.

बिनसाखरेचा
बुधवार, सकाळी ७:१०

एक करा नाहीतर चाळीस करा, उत्तर वरच्या वर एआयच देऊन टाकतंय, खाली कोण येतंय क्लिक करायला.

जुनाखोड
बुधवार, सकाळी ९:२५

हा प्रश्न माझ्या डोळ्यासमोर पंधरा-वीस वर्षं फिरतोय आणि उत्तर दर तीन-चार वर्षांनी उलटं होतंय. २०११ च्या आधी डोमेनच्या नावातच कीवर्ड (लोक सर्चमध्ये टाइप करतात तो शब्द), पाच पानांची साइट, वर जाहिराती, संपला विषय. माझ्या अशा एकोणीस होत्या, सांगायला लाज वाटते, त्यातली एक फक्त मायक्रोवेव्हमधल्या काचेच्या थाळीवर होती. फेब्रुवारी २०११ ला गूगलचा पांडा अपडेट आला, फालतू मजकुरावरचा, एप्रिल २०१२ ला पेंग्विन, लिंकांच्या चलाखीवरचा, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात खास कीवर्डवाल्या डोमेनांसाठी वेगळा अपडेट. एकोणीसातल्या दोन उरल्या. थाळी गेली.

पण म्हणून मोठे वाचले असंही नाही. ईहाऊ आठवतंय का कुणाला, जगातल्या प्रत्येक गोष्टीचं 'कसं करावं'? त्यांची मालक कंपनी डिमांड मीडिया जानेवारी २०११ ला शेअर बाजारात आली तेव्हा तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्स कंपनीपेक्षा जास्त भरली होती. पुढच्याच महिन्यात पांडा आला, आणि काही महिन्यांत ईहाऊची हवा निघाली.

आणि तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे अबाउट डॉट कॉम. १९९६ पासूनची साइट, मधुमेहापासून वायफायपर्यंत सगळं एका छपराखाली. न्यूयॉर्क टाइम्सने २००५ ला साधारण ४१ कोटी डॉलरना घेतली आणि २०१२ ला ३० कोटींना विकली, म्हणजे सात वर्षं सांभाळून अकरा कोटींचा घाटा. नंतरच्या मालकांनी २०१६ पासून तिचे तुकडे करायला घेतले, आरोग्याचं व्हेरीवेल, पैशांचं बॅलन्स, कॉम्प्युटरचं लाइफवायर, घराचं स्प्रूस, आणि २०१७ च्या मे महिन्यात अबाउट हे नावच टाकून कंपनीचं डॉटडॅश केलं. तेच डॉटडॅश इतकं चाललं की २०२१ मध्ये त्यांनी मेरेडिथसारखी जुनी मासिकांची कंपनी २७० कोटी डॉलरना विकत घेतली.

टेकडीवरचा
बुधवार, सकाळी ९:४०

बाप रे. म्हणजे फोडूच ना?

जुनाखोड
बुधवार, सकाळी १०:०५

अहो थांबा, अर्धंच सांगितलंय, मध्ये दूधवाला आला. उलटं उदाहरण पण घ्या. वायरकटर, कुठली वस्तू घ्यावी ते सांगणारी. त्यांची घरातल्या वस्तूंसाठी स्वीटहोम म्हणून वेगळी साइट होती. २०१६ ला न्यूयॉर्क टाइम्सनेच (हो, परत तेच) साधारण ३ कोटी डॉलरना दोन्ही घेतल्या आणि पुढच्या वर्षी स्वीटहोम वायरकटरमध्येच विरघळवून टाकली.

एकाने फोडलं, एकाने जोडलं, दोघांचंही चाललं. का? माझ्या मते कारण असं, की हेडफोन शोधणारा माणूस आणि गादी शोधणारा माणूस यांना हवंय एकच, 'यातलं कुठलं घेऊ सांगा'. तोच माणूस दोन्हीला येतो. पण मधुमेहाचं वाचणाऱ्याला वायफायशी काय घेणंदेणं? त्याला तर उलट वाटणार की हे लोक राउटर पण दुरुस्त करतात आणि साखर पण मोजतात, यांच्यावर विश्वास किती ठेवावा.

तेव्हा गूगलला काय वाटेल हे बाजूला ठेवा. तुमचा हरिश्चंद्रगडवाला ताईंच्या चकलीकडे जातो का ते गूगल ॲनालिटिक्समध्ये बघा. एक्स्प्लोरमध्ये पाथवाला रिपोर्ट असतो, कुठल्या पानावरून माणूस पुढे कुठे गेला ते दिसतं. ते बघून या, मग बोलू.

सर्व्हरची_आई
बुधवार, दुपारी १२:५०

पुरुष मंडळी कोटी डॉलरमधून खाली उतरली असतील तर जरा धुणीभांडी बोलूया. डॉटडॅशकडे माणसं होती. टेकडीवरच्या, तुझ्याकडे कोण आहे? तू, आणि तेही रात्री अकरानंतर.

चार साइट म्हणजे चार वर्डप्रेस, चार थीम, प्रत्येकी दहा-पंधरा प्लगिन, चार बॅकअप, चार डोमेन रिन्यूअल. पहिल्या वर्षी डोमेन दोन-तीनशेत देतात आणि दुसऱ्या वर्षी हजार-बाराशे वर १८% जीएसटी, ते मेल तू बघत नाहीस कारण ते प्रमोशन्समध्ये जातात. डॉट कॉम एक्स्पायर झालं की काही दिवस साध्या दरात परत मिळतं, मग तीस दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात दंड इतका की तेवढ्यात चार नवीन डोमेन येतील, आणि तेही हुकलं की कुणीतरी उचलतं आणि तुझ्या फराळाच्या नावाखाली जुगाराची साइट उघडतं. हे मी स्वतः बघितलंय, एका भजनी मंडळाच्या साइटचं झालं होतं, त्या काकांना फोन करून सांगताना माझीच जीभ रेटेना.

आणि स्वतःचा अनुभव. २०१९ मध्ये माझ्या सहा साइट एकाच शेअर्ड होस्टिंगवर होत्या, ॲडऑन डोमेन म्हणून, म्हणजे एकाच खात्यात जोडलेल्या. त्यातली एक मी विसरूनच गेले होते, दोन वर्षं अपडेट नाही, एका गॅलरी प्लगिनला भोक होतं, तिथून घुसले आणि सगळे फोल्डर एकाच युजरखाली असल्यामुळे सहाच्या सहा साइटवर जपानी भाषेतली बनावट दुकानाची पानं उगवली. होस्टिंगवाल्यांना फोन केला तर ते म्हणे मॅडम सिक्युरिटी पॅकेज घ्या. गणपतीचे दिवस, घरी पाहुणे, आणि मी आतल्या खोलीत बसून फाइली पुसतेय. विसरलेली साइट म्हणजे उघडं राहिलेलं मागचं दार.

आता माझी एकच आहे.

अर्धवट_इंजिनियर
बुधवार, दुपारी १:१५

मल्टिसाइट वापरा ना मग, वर्डप्रेस ३.० पासून, म्हणजे २०१० पासून आहे. एकच इन्स्टॉल, त्यात चार साइट, प्लगिन एकदाच अपडेट.

सर्व्हरची_आई
बुधवार, दुपारी १:२२

आणि ते एक कोसळलं की चारही आडव्या. पण हो, सहा वेगवेगळे सांभाळण्यापेक्षा बरं. आता एक ते चार धाग्याला सुट्टी द्या, मी जेवतेय.

कर्वेरोडी
बुधवार, संध्याकाळी ६:३०

फ्रीलान्स साइट करतो, गिऱ्हाइकांचा एक किस्सा सांगतो, विषयाला धरून आहे. पेस्ट कंट्रोलवाले एक साहेब आले, म्हणे बारा साइट हव्यात, कोथरूडचं वेगळं डोमेन, बाणेरचं वेगळं, वाकड, हडपसर, कात्रज, असं करत करत बारा. मजकूर तोच, फक्त भागाचं नाव बदलायचं. मी म्हटलं साहेब, झुरळ तेच आहे ना सगळीकडे? गूगल याला डोअरवे म्हणतं, स्पॅम धोरणात चक्क लिहिलेलं आहे, २०१५ मध्ये त्यासाठी खास अपडेटही आला होता. एकच साइट करा, त्यात भागवार पानं, पण त्या भागातली खरी कामं, खरे फोटो, तिथल्या गिऱ्हाइकांची मतं टाका. साहेबांना पटलं नाही, दुसऱ्याकडून करून घेतल्या. वर्षभराने परत आले, बाराच्या बारा कुठे दिसत नव्हत्या आणि त्या दुसऱ्याने सगळ्या साइट तळाला एकमेकींना लिंक केल्या होत्या, म्हणजे आपल्याच घरच्यांनी आपल्यालाच मतं दिल्यासारखं.

टेकडीवरचा, तुमचं प्रकरण असं नाही, तुमचे विषय खरंच वेगळे आहेत. पण फोडलंत तर चारही साइटच्या खाली 'आमच्या इतर साइट' म्हणून लिंकांची माळ लावू नका एवढंच.

आळीकर
बुधवार, रात्री ९:१०

एवढं इंग्रजी अपडेटांचं पुराण कशाला, आपल्या गावात बघा की. मंडई आहे, १८८६ पासून उभी, एकच वास्तू आणि आत शेकडो गाळे, कांदेवाला वेगळा, फळवाला वेगळा. ही झाली एक साइट, आत फोल्डर. आणि दुसरीकडे बोहरी आळी (हार्डवेअर), तांबट आळी (तांब्याची भांडी), अप्पा बळवंत चौक (पुस्तकं), तिथे तेवढंच मिळतं पण त्याच्यासाठी माणूस वाकडी वाट करून जातो. दोन्ही शेकडो वर्षं चाललंय. मग भांडण कसलं?

जुनाखोड
बुधवार, रात्री ९:४५

आळीकर, उपमा झकास, पण एका जागी अडते. मंडईत माणूस दारातून शिरतो, अख्खी मंडई बघतो, कोथिंबीर घ्यायला आलेला लिंबं पण घेतो. सर्चवरून येणारा तसा येतच नाही, तो थेट कांद्याच्या गाळ्यात वरून टपकतो, कांदा घेतो आणि तिथूनच गायब होतो. त्याला मंडई होती हेही कळत नाही. त्यामुळे 'माझ्याकडे सगळं आहे' याचा सर्चमध्ये उपयोग कमी. उपयोग कुठे होतो, तर जो तुमचं नाव टाइप करून येतो त्याच्यापाशी.

आणि अबच शेकडो वर्षं नाही हो.

आळीकर
बुधवार, रात्री ९:५२

बरं, दशकं. पण अबचला एकाच विषयाची पन्नास दुकानं शेजारी शेजारी आहेत आणि सगळ्यांचं चालतं, हे पण बघा.

अर्धवट_इंजिनियर
बुधवार, रात्री १०:२०

माझंच काल रात्रीचं वाक्य जरा खोडतो. घरी जाऊन परत वाचलं. सप्टेंबर २०२३ च्या हेल्पफुल कंटेंट अपडेटमध्ये सगळ्यात जास्त ओरड कुणाची होती आठवतंय का? छोट्या, एका विषयाच्या, एकट्यादुकट्या माणसाने चालवलेल्या साइटवाल्यांचीच. मार्च २०२४ ला तो सिग्नल मूळ सिस्टिममध्येच मुरवला. म्हणजे नीश, एकाच विषयाची साइट केली की वाचलो असं काही नाही. आणि त्याच मार्चमध्ये मोठ्यांसाठी पण नियम आला, की आपल्या मोठ्या नावाच्या आडोशाला बाहेरच्यांची कूपनं-बिपनं भाड्याने ठेवायची नाहीत.

त्यामुळे मिक्सरचा लेख उडवा हे कायम, पण त्याच्यासाठी साइट फोडायची गरज नाही. नुसता डिलीट करा. तेवढं तर आज रात्री पण होईल.

बिनसाखरेचा
बुधवार, रात्री १०:३१

मिक्सरचा लेख मी वाचला होता. चांगला होता.

टेकडीवरचा
शुक्रवार, रात्री १२:१५

दोन दिवस आकडे खणत बसलो. सर्व्हरची आई, हो, रात्री अकरानंतरच.

आधी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये एकेका विषयाच्या फोल्डरचा फिल्टर लावून बघितलं. ट्रेकला लोक कुठल्या शब्दांनी येतात तर 'राजगड पाली की गुंजवणे', 'तिकोना पावसात', असे नेमके प्रश्न, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले गेल्यापासून राजगड-लोहगड जरा उसळलेत. शिवाय मला माहीतच नव्हतं, काही लोक माझ्या साइटचं नाव आणि पुढे किल्ल्याचं नाव असं टाइप करून येतात. नाव आणि पुढे चकली असं कुणीही टाइप करत नाही.

मग जुनाखोडांनी सांगितलेला तो पाथवाला रिपोर्ट. ट्रेकवरून फराळाकडे जाणारे? जवळजवळ शून्य. मला वाटलं बागेचंही तेच असेल, पण नाही! कढीपत्त्याचं झाड वाढत नाही, ताक घालू का, हा लेख वाचणारे लोक तिथून ताईच्या कढीपत्त्याच्या चटणीवर जातायत. गवती चहा, पुदिना, ओवा, सगळ्याचं तसंच. उलटंही होतंय, अळूवडी वाचून लोक कुंडीत अळू येतो का बघायला येतायत. फक्त जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण वाचणारा कुठेच जात नाही, तो बिचारा नीमतेल आणायला पळत असणार.

म्हणजे माझ्या चार साइट नव्हत्याच. दोन होत्या. गडावर जाणारा एक, आणि घरात कुंडीपासून कढईपर्यंत फिरणारी दुसरी (किंवा दुसरा, भांडू नका).

सटरफटर चाळीसेक लेखांपैकी पंचवीस उडवतोय. पीटी-३ चा ठेवणार होतो, स्वतः राहत असाल तर ४०% सवलतीचा विषय आहे, मेमध्ये बरे लोक येतात, पण खरं सांगायचं तर नियम बदलला की तो लेख मी वेळेत बदलणार नाही आणि माझ्या चुकीने कुणाचा कर वाढायचा. तो पण जाणार.

जुनाखोड
शुक्रवार, सकाळी ८:५०

हे आवडलं. आता जुनं डोमेन कुणाकडे ठेवणार?

टेकडीवरचा
शुक्रवार, सकाळी ९:०५

ट्रेककडे. बाहेरच्या लिंका जवळजवळ सगळ्या ट्रेकवाल्यांच्या आहेत, क्लबांच्या वगैरे. बाग आणि स्वयंपाक नवीन डोमेनवर जाईल.

कर्वेरोडी
शुक्रवार, सकाळी ११:३०

मग काही गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येक जुन्या लेखावरून त्याच नव्या लेखावर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर पाठवणं), सगळं नव्या होमपेजवर ढकलायचं नाही, ती चूक सर्रास होते. गूगल किमान एक वर्ष रीडायरेक्ट ठेवा म्हणतं, तुम्ही कायमचेच ठेवा, पैसे पडत नाहीत. सर्च कन्सोलचं ॲड्रेस बदलण्याचं टूल तुम्हाला चालणार नाही, ते अख्खी साइट हलवताना असतं, अर्धी नाही. ॲडसेन्सचं खातं तेच राहील, पैसे हातात मिळायची शंभर डॉलरची मर्यादा खात्याला असते, साइटला नाही, पण नवीन साइट मंजूर मात्र वेगळी करून घ्यावी लागेल.

आणि काहीही झालं तरी दिवाळीआधी हलवू नका. हलवल्यावर काही आठवडे ट्रॅफिक झोके घेतं. फराळाचं वर्षाचं उत्पन्न त्या तीन आठवड्यांत असतं.

सर्व्हरची_आई
शुक्रवार, दुपारी १२:४०

आणि वेगळं युजर अकाउंट. एकाच फोल्डरात दुसरी साइट टाकलीस तर मी तुझ्या घरी येईन.

टेकडीवरचा
शनिवार, रात्री १०:५०

सगळ्यांना दंडवत. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की हलवणार.

एक गोष्ट सांगायची राहिली. आज ताईकडे गेलो होतो हे सगळं सांगायला. मला वाटलं तिला काही फरक पडणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, रीडायरेक्ट वगैरे, आणि मग म्हणाली, आठ वर्षं माझ्या रेसिपी आहेत तिथे, वर नाव कुणाचं असतं? उघडून बघितलं. प्रत्येक लेखावर माझं नाव आणि माझा रायरेश्वरावरचा फोटो. अनारशाच्या वर पाठीवर सॅक लावलेला माणूस.

तर नवीन साइट ताईच्या नावाने निघेल, लॉगिन पण तिचंच. बाग मी लिहीन, तिच्या साइटवर, तिने ठेवलं तर. बाकीचे दोन डोमेन कुणाला हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मूळ किमतीत.

बिनसाखरेचा
शनिवार, रात्री ११:०२

एक मिक्सरसाठी द्या.

ताई_सदाशिव
रविवार, सकाळी ७:४५

नमस्कार. मी ताई. खातं आजच उघडलंय, चुकलं तर सांभाळून घ्या. चकलीच्या लेखावर जो फोटो आहे तो कडबोळ्यांचा आहे. मी २०१८ पासून सांगतेय.